सुक्याबरोबर ओलंही जळतं : लागोसच्या ‘याहू बॉईज’चा ताळेबंद

नायजेरिया म्हटलं की आपल्याकडे पटकन दोन गोष्टी आठवतात. एक फुटबॉल आणि दुसरी म्हणजे ते ई-मेल! ‘माझे दिवंगत काका मंत्री होते, त्यांचे कोट्यवधी डॉलर बँकेत अडकले आहेत, तुम्ही फक्त तुमचा खाते क्रमांक कळवा...’ असलं पत्र कधीच आलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आपण हसतो, पत्र डिलीट करतो आणि विसरून जातो. पण ते पाठवणारा कोण असतो, तो या वाटेला का लागतो आणि शेवटी त्याच्या हाती काय पडतं, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

मी ह्यूस्टनला राहते. इथे नायजेरियन लोकांची वस्ती मोठी आहे. दवाखान्यात गेलात तर नर्स नायजेरियन, तेल कंपनीत गेलात तर इंजिनिअर नायजेरियन. माझं काम ऑनलाइन पेमेंटच्या सॉफ्टवेअरचं आहे आणि त्यातही फसवे व्यवहार ओळखणाऱ्या भागाचं, त्यामुळे हा विषय रोजच टेबलावर असतो. आमच्या टीममध्ये लागोसहून आलेला एक सहकारी आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी यावर पुष्कळदा बोलणं होतं.

फसवणूक वाईट, हे सांगायला लेख कशाला हवा? ते त्या मुलांनाही माहीत असतं. म्हणून नीतीचा मुद्दा थोडा वेळ बाजूला ठेवू आणि नुसता व्यवहार बघू. एखाद्या नायजेरियन तरुणानं उमेदीची दहा वर्षं या धंद्यात घातली, तर जमेच्या बाजूला काय येतं आणि खर्चाच्या बाजूला काय?

४१९ ते याहू

नायजेरियात या धंद्याला ‘फोर-वन-नाइन’ म्हणतात. तिथल्या फौजदारी कायद्यातलं ४१९ वं कलम खोटी बतावणी करून पैसे उकळण्याबद्दल आहे. आपल्याकडे ‘चारसोबीस’ शब्द जसा रुळला, अगदी तसाच हा. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, देशाची अर्थव्यवस्था गडगडली आणि शिकलेली माणसं बेकार झाली. त्या काळात ही पत्रं टपालानं आणि फॅक्सनं जायची. पुढे सायबर कॅफे आले, फुकटात याहूचे ई-मेल पत्ते मिळू लागले आणि हा धंदा करणाऱ्या पोरांना ‘याहू बॉईज’ हे नाव चिकटलं. याहू मागे पडलं, नाव मात्र राहिलं.

आता मंत्र्याच्या वारसाची गोष्ट जुनी झाली. आजचे प्रकार निराळे. एकट्या राहणाऱ्या बाईशी किंवा पुरुषाशी महिनोन् महिने प्रेमाच्या गप्पा मारायच्या आणि मग ऑपरेशनला, विमानाच्या तिकिटाला पैसे मागायचे. कंपनीच्या अधिकाऱ्याचा ई-मेल हस्तगत करून खोटी बिलं पाठवायची. शाळकरी मुलांकडून नको ते फोटो मिळवायचे आणि धमकावून पैसे काढायचे. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात आलेल्या तक्रारींत, ई-मेल हस्तगत करून कंपन्यांना गंडा घालण्याच्या प्रकारातलं नुकसानच २९० कोटी डॉलरच्या घरात होतं. हे सगळं नायजेरियातून होतं असं मुळीच नाही. पण या प्रकारात नायजेरियन टोळ्यांचं नाव वारंवार येतं, हेही खरं.

पोरं या वाटेला का लागतात?

ह्यूस्टनमध्ये एसीत बसून लागोसच्या पोरांना उपदेश करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून आधी त्यांची बाजू बघू.

नायजेरियाची लोकसंख्या २० कोटींच्या वर आहे आणि त्यातली जवळपास निम्मी अठरा-एकोणीस वर्षांच्या आतली. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचा संप तब्बल आठ महिने चालला. त्याआधी २०२० मध्येही असाच प्रदीर्घ संप झाला होता. चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं लागली तर पोरगं करणार काय? हातात मोबाइल आणि समोर रिकामा दिवस. त्यात २०२३ च्या जूनमध्ये नायराचा दर बाजारावर सोडला. डॉलरला साधारण ४६० नायरा पडायचे, ते वर्षाच्या आत १५०० च्या वर गेले. बापाचा पगार तेवढाच राहिला आणि भाताचं पोतं कुठल्या कुठे गेलं. अशा वेळी कोणी बाहेरून शंभर डॉलर ‘कमावले’ तर घरात त्याला केवढा मान मिळत असेल, याची कल्पना करा.

आणखी एक युक्तिवाद तिथे ऐकू येतो. गोऱ्यांनी आमचे लोक गुलाम म्हणून नेले, आमचं तेल नेलं, आता आम्ही थोडं परत घेतोय, बिघडलं कुठे? आपणही इंग्रजांच्या राज्यात दीडशे वर्षं काढलेली माणसं, त्यामुळे हा राग आपल्याला कळतो. पण इथे ज्यांचे पैसे जातात ती माणसं कोण, ते मी कामात बघते. नवरा गेल्यावर एकटी पडलेली सत्तरीतली बाई. घर घेण्यासाठी साठवलेली रक्कम खोट्या ई-मेलमुळे भलत्याच खात्यात भरणारं तरुण जोडपं. यांच्यापैकी कोणी नायजेरियाची लूट केलेली नाही. आणि ज्यांनी केली, त्यांच्या तिजोरीला या ई-मेलनं खरचटतही नाही.

पहिला हिशेब : हातात पडतं किती?

बाहेरून वाटतं, हजार डॉलर लुबाडले म्हणजे हजार डॉलर खिशात. तसं नसतं. अमेरिकेतले पैसे सरळ लागोसच्या खात्यात जात नाहीत. मध्ये इथलं खातं लागतं. ते वापरू देणारा आपला वाटा आधी कापून घेतो. गिफ्ट कार्ड मिळालं तर ते दर्शनी किमतीपेक्षा कमीत विकावं लागतं. मग नायरा करून देणारा दलाल. शिवाय चोरलेले पासवर्ड, जुनी फेसबुक-इन्स्टाग्राम खाती, कोणा तरी फौजीचे फोटो हा ‘कच्चा माल’सुद्धा विकतच घ्यावा लागतो.

नवशिक्यांचे हाल तर आणखी. ‘हसल किंगडम’ नावाचा प्रकार तिथे आहे. एका भाड्याच्या घरात दहा-वीस पोरं ठेवायची, वर एक ‘बॉस’. लॅपटॉप त्याचा, इंटरनेट त्याचं, जेवण त्याचं आणि कमाईतला मोठा वाटाही त्याचाच. याला धंदा म्हणायचं की वेठबिगारी?

डिसेंबर २०२४ मध्ये नायजेरियाच्या आर्थिक गुन्हे आयोगानं, म्हणजे ईएफसीसीनं, लागोसच्या व्हिक्टोरिया आयलंड भागातल्या एका मोठ्या इमारतीवर छापा घातला आणि ७९२ जणांना पकडलं. त्यांत १४८ चिनी आणि ४० फिलिपिनो होते. आयोगानं सांगितलेली कामाची पद्धत वाचण्यासारखी आहे. नायजेरियन पोरांनी परदेशी माणसांशी गोड बोलून विश्वास मिळवायचा. विश्वास बसला की पुढचं काम परदेशी मंडळी आपल्या हातात घेणार. व्यवहार पार पडला की नाही, किती मिळाले, याचा पत्ताही त्या पोरांना लागू द्यायचा नाही. म्हणजे ‘गोऱ्यांकडून परत घेतोय’ म्हणणारी पोरं परक्या शेठची पगारी नोकर निघाली. तीही नेमणुकीचा कागद नसलेली.

दुसरा हिशेब : पकडले गेल्यावर

या धंद्याची जाहिरात करणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे रेमन अब्बास ऊर्फ ‘हशपपी’. इन्स्टाग्रामवर वीस लाखांहून जास्त अनुयायी. दुबईतलं आलिशान घर, रोल्स रॉइस, खासगी विमानं, ब्रँडेड कपडे, रोज नवा फोटो. नायजेरियातल्या कितीतरी पोरांना त्याच्यासारखं व्हायचं होतं. जून २०२० मध्ये दुबई पोलिसांनी त्याला उचललं. ज्या फोटोंनी त्याला प्रसिद्ध केलं, त्याच फोटोंचा एफबीआयला त्याच्याविरुद्ध उपयोग झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयानं त्याला ११ वर्षं ३ महिने तुरुंगवास दिला आणि दोन फिर्यादींना सुमारे १७ लाख डॉलर भरून द्यायला सांगितलं. त्यातला एक फिर्यादी कतारमध्ये शाळा बांधण्यासाठी कर्ज शोधत होता.

याच हशपपीचा एक कॅनडियन साथीदार होता, काळा पैसा फिरवण्यात तरबेज. हॅकरांनी जगभरच्या एटीएममधून काढलेले पैसे त्यानं पांढरे केले. अमेरिकी न्याय खात्यानं त्याच्याविषयी दिलेल्या माहितीत ‘भारतातली एक बँक, २०१८’ असा उल्लेख आहे. बँकेचं नाव दिलेलं नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये असेच लंपास झाले होते, हे पुणेकर विसरले नसतील. इन्स्टाग्रामवरचा तो झगमगाट आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त चटका लावतं. ओबिनवाने ओकेके. व्यवसायातला उगवता तारा म्हणून २०१६ मध्ये ‘फोर्ब्स आफ्रिका’नं तिशीच्या आतल्या तीस जणांच्या यादीत त्याला घेतलं होतं. त्याच्या टोळीनं ब्रिटनमधल्या एका कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला हुबेहूब ऑफिसच्या लॉगिनसारखं दिसणारं खोटं पान पाठवलं. अधिकाऱ्यानं पासवर्ड भरला. मग त्याच्याच ई-मेलवरून खोटी बिलं मंजूर करून घेतली. सुमारे १ कोटी १० लाख डॉलर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये तो अमेरिकेतून परतताना विमानतळावर पकडला गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. या माणसाकडे बुद्धी होती, ओळखी होत्या, व्यासपीठ होतं. यातलं काहीच त्याच्या कामी आलं नाही.

आणि तिसरं उदाहरण, ज्यात हिशेब वगैरे शब्द वापरायलाही जीभ रेटत नाही. लागोसमधल्या विशीतल्या दोन भावांनी मुलीच्या नावानं चालवलेल्या इन्स्टाग्राम खात्यावरून मिशिगनमधल्या एका १७ वर्षांच्या मुलाकडून फोटो मिळवले आणि पैशासाठी त्याला इतकं छळलं की त्यानं मार्च २०२२ मध्ये आत्महत्या केली. दोघांना २०२३ मध्ये नायजेरियानं अमेरिकेच्या हवाली केलं. प्रत्येकाला साडेसतरा वर्षं. सुटतील तेव्हा चाळिशीकडे झुकलेले असतील, आणि त्या आईबापांचं पोर तर परत यायचंच नाही. जुलै २०२४ मध्ये मेटानं अशा खंडणीशी संबंधित नायजेरियातली ६३ हजारांच्या आसपास इन्स्टाग्राम खाती बंद केली. आकडा वाचून थबकायला होतं.

‘पकडले जातात ते थोडे,’ असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण न पकडल्या गेलेल्याचं तरी काय होतं? तिशीत तो नोकरी मागायला जातो तेव्हा बायोडेटात काय लिहिणार? इंग्रजीत सफाईनं लिहिणं, समोरच्याचा स्वभाव ओळखणं, चिकाटी, संगणकाची जाण, रात्र रात्र जागून काम करणं, हे सगळं त्याच्यापाशी असतं. विक्री किंवा ग्राहकसेवेच्या नोकरीत याच गुणांना पगार मिळतो. पण त्याच्या दहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला द्यायला जगात एकही माणूस नसतो.

तिसरा हिशेब : बिल भरतो कोण?

हा हिशेब माझ्या कामाचा आहे, म्हणून जरा उलगडून सांगते. तुम्ही ऑनलाइन काही विकत घेता तेव्हा पडद्यामागे त्या व्यवहाराला धोक्याचे गुण दिले जातात. कार्ड कुठल्या देशाचं, इंटरनेट कुठून जोडलंय, उपकरण ओळखीचं आहे का, आणि आधीच्या अशा व्यवहारांत तक्रार होऊन पैसे परत द्यावे लागले होते का, हे सगळं त्यात मोजलं जातं. सॉफ्टवेअरला कोणाच्या देशाचा राग नसतो. ते जुन्या व्यवहारांवरून शिकतं. पण एखाद्या देशाकडून तक्रारी जास्त आल्या की तिथल्या प्रत्येकाचे धोक्याचे गुण वाढतात. आणि छोटा दुकानदार तर एवढ्या खोलात जातच नाही. तो सरळ अख्खा देश बंद करून टाकतो. त्याच्या दृष्टीनं ते स्वस्त पडतं.

आता ही शिक्षा होते कोणाला? याहू बॉयला नाही. तो खोटा पत्ता, खोटं नाव, अमेरिकेतलं इंटरनेट दाखवून आत शिरतो. अडकतो तो स्वतःचं खरं नाव आणि लागोसचा खरा पत्ता लिहिणारा प्रामाणिक मुलगा. पेपाल २०१४ मध्ये नायजेरियात आलं तेव्हा तिथल्या माणसाला त्यावरून पैसे पाठवता येत होते, पण स्वीकारता येत नव्हते. विचार करा, घरबसल्या वेबसाइट बनवून देणाऱ्या पोराला ग्राहक मिळाला, काम झालं, पण पैसे घ्यायची साधी सोयच नाही. असं व्हायला दुसरीही कारणं असतात, पण ‘४१९’ ची कुप्रसिद्धी हे त्यातलं मोठं कारण, असं माझा सहकारी ठामपणे म्हणतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

घरातही सुटका नाही. नायजेरियन पोलिसांचं ‘सार्स’ नावाचं पथक मुळात दरोडेखोरांसाठी १९९२ मध्ये काढलेलं. पुढे पुढे ते रस्त्यात तरुण पोरांना अडवू लागलं. लॅपटॉप आहे? आयफोन आहे? मग तू याहू बॉय. चल ठाण्यात, नाहीतर एटीएममधून पैसे काढून दे. सॉफ्टवेअरवाल्या पोरांना हा जाच इतका झाला की २०१९ मध्ये त्यांनी ‘आम्हाला लुटणं थांबवा’ अशी मोहीमच काढली. ऑक्टोबर २०२० मध्ये हजारो तरुण रस्त्यावर उतरले, सरकारला ते पथक बरखास्त करावं लागलं, आणि तरीही २० तारखेच्या रात्री लागोसच्या लेक्की टोल नाक्यावर निदर्शकांवर गोळ्या चालल्या. पोलिसांचा दोष पोलिसांचाच, त्यात शंका नाही. पण ‘लॅपटॉपवाला म्हणजे भामटा’ हे निमित्त त्यांच्या हाती दिलं कोणी?

माझ्या सहकाऱ्यालाही लागोसमध्ये असं दोनदा अडवलं होतं. तो म्हणतो, याहू बॉयनं अमेरिकेतल्या बाईचे पैसे एकदाच चोरले, पण आमची पत रोज चोरतोय.

त्याच शहरातली दुसरी वाट

मग दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती त्याच लागोसमध्ये आहे. २०१५ च्या सुमारास बॅबकॉक विद्यापीठात शिकलेल्या दोन नायजेरियन तरुणांनी ‘पेस्टॅक’ काढली. नायजेरियन दुकानदाराला ऑनलाइन पैसे घेता यावेत, एवढंच काम. जिथे जगाचा विश्वास नव्हता, नेमक्या तिथेच त्यांनी विश्वासाचं दुकान मांडलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या स्ट्राइपनं ती विकत घेतली. सौदा २० कोटी डॉलरच्या वरचा असल्याच्या बातम्या होत्या. ‘फ्लटरवेव्ह’ ही तशीच दुसरी कंपनी. लागोसचा याबा भाग आज अशा कंपन्यांसाठी ओळखला जातो.

सगळेच पेस्टॅक काढणार नाहीत, हे उघड आहे. पण अशा एका कंपनीमागे शेकडो साध्या नोकऱ्या उभ्या राहतात, आणि तिच्यामुळे हजारो दुकानदारांना, कारागिरांना आपला माल विकता येतो. याहू बॉयच्या यशानं मात्र शेजाऱ्याचं नुकसानच होतं. मला दोन वाटांतला खरा फरक हाच वाटतो.

अर्थात, हे पोरांना सांगायचं आणि विद्यापीठं आठ आठ महिने बंद ठेवायची, हे चालणार नाही. खरी गरज आहे वेळेवर पदवीची, विजेची, परवडणाऱ्या इंटरनेटची. नुसत्या छाप्यांनी हा प्रश्न सुटला असता तर २००३ पासून काम करणाऱ्या ईएफसीसीनं तो केव्हाच सोडवला असता.

आपणही नाकं मुरडू नयेत

हे वाचून कोणाला वाटेल, नायजेरियन लोक असलेच. तर मीरा रोड आठवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं. बहुतेक विशीतली, इंग्रजी बोलणारी पोरं-पोरी. ‘मी अमेरिकेच्या कर खात्यातून बोलतोय, लगेच पैसे भरा, नाहीतर अटक होईल’, असं सांगून ती अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना घाबरवत होती. भारतातल्या अशा कॉल सेंटरांसाठी अमेरिकेत पैसे गोळा करणाऱ्या २१ जणांना इथल्या न्यायालयानं २०१८ मध्ये शिक्षा ठोठावल्या, कमाल वीस वर्षांपर्यंत. आणि बिल? तेही इतरांनीच भरलं. आज इथे फोनवर भारतीय उच्चार ऐकू आला की कितीतरी लोक पुढचं न ऐकताच फोन ठेवतात. पलीकडे बँकेची खरी कर्मचारी बोलत असली तरी.

बेकारी, इंग्रजी, स्वस्त इंटरनेट आणि झटपट पैशाचं आमिष, हा सगळा मसाला आपल्याकडेही आहे. फरक इतकाच की आपल्याकडच्या पोरांना या वाटेला जाण्याआधी आयटीची दारं उघडी सापडली. ती बंद होऊ लागली तर आपली पोरंही निराळी वागतील, अशी खात्री मला देता येणार नाही.

म्हणून वाचकांपाशी दोनच मागणी. एक, तुमच्या ओळखीतलं कोणी ‘घरबसल्या भरपूर पैसे, फक्त तुझं बँक खातं वापरायला दे’ अशा कामाला लागलं असेल, तर आजच्या आज थांबवा. ती नोकरी नव्हे, या साखळीतली सर्वांत आधी पकडली जाणारी कडी आहे. दोन, तुम्ही कुठे नेमणुका करत असाल आणि समोर लागोसचा अर्ज आला, तर पत्ता वाचून बाजूला ठेवू नका. त्याचा कोड उघडून बघा. इतर कोणाचा बघता तसाच.